कांडीचा जीव

हाउजीच्या डब्यातल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या. बाकीच्या सत्तर पिशवीत.

ओल्या पेंढ्याचा धूर जास्त.

पडघ्याच्या पुढची वीटभट्टी. जूनपर्यंत.

हिराबाई: जीव पाच. मंगळ्या: जीव नऊ. कांडी: जीव चार.

मेला तो मेला. त्याचं पान फाडायचं, आणि नवी गोष्ट सुरू होईपर्यंत त्यानं सोंगट्यांना हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम दिनेशचा होता. खेळही त्याचाच. भातसानगरच्या कॉलनीत, धरणावर नोकरी करणाऱ्या बापाच्या क्वार्टरच्या ओट्यावर, रविवारी जेवणं उरकली की तो मांडायचा. ठाण्याच्या मावसभावानं त्याला एका परदेशी पुस्तकाची झेरॉक्स दिली होती. पट नाही, प्यादी नाहीत. समोर काय आहे ते दिनेशनं सांगायचं, आपला माणूस काय करतो ते बाकीच्यांनी सांगायचं, आणि जमलं की नाही ते आकडा ठरवणार. वीस बाजूंचा फासा कुठून आणणार, म्हणून गणपती मंडळाचा हाउजीचा डबा.

खेळायला शेजारच्या क्वार्टरमधली संगीता असायची. तिनं आपल्या जादूगारणीला होणाऱ्या सासूचं नाव दिलं होतं, हिराबाई. मेली तर फार वाईट वाटायला नको म्हणून. आणि शेणव्याकडच्या वाडीवरची भावंडं, नवसू आणि हौशी. कॉलनीतलं गवत कापायला आली होती, पाणी प्यायला ओट्यावर टेकली आणि खेळात अडकली.

दिवाळीनंतर हौशी नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर कामाला गेली. जाताना तिनं खेळातल्या आपल्या माणसाचं, कांडीचं, नाव-जीव लिहिलेलं पान नवसूकडे दिलं. "मी येईस्तोवर हिला जिती ठेव रं." नवसूनं मान हलवली होती. तेव्हापासून तो दोन पानं खेळायचा, आपल्या मंगळ्याचं आणि हिचं.

१९९८, मार्च. खेळातली तिघंही अजून कच्ची, पहिल्याच पायरीवर. आणि समोर ड्रॅगन.

"परत फिरा," दिनेश म्हणाला. "मी कधीपासून सांगतोय."

"फिरू कुठं? तूच पूल पाडलास ना मागचा," संगीता म्हणाली.

पूल पडला होता. खाली उकळता चिखल. गुहेला बाहेर जाणारी चार भोकं, मधोमध ड्रॅगन झोपलेला. त्याचे जीव दिनेश सांगत नव्हता, नुसताच हसत होता.

नवसूला मात्र अवघड काही दिसलं नाही. शेतातला उंदीर काढायचा तर काय करतात? बांधावरची सगळी बिळं मातीनं बुजवायची, एक ठेवायचं, त्यात मडक्यातून धूर फुंकायचा. लहानपणापासून हेच केलेलं.

"तीन भोकं दगडांनी बुजवू," तो म्हणाला. "चौथ्याच्या तोंडाशी ओला पेंढा पेटवू. गुदमरल धूड."

"खात्री आहे?"

"संगीताताय, माझा जन्म गेला यात."

दगड रचले. सोंगट्या काढल्या: चौदा, सोळा, एकोणीस. असे आकडे कधी येत नसत. पेंढा पेटला.  मग दिनेशनं विचारलं, "नवसू, उंदीर काढताना तू कुठं असतोस?"

"भायेर. बांधावर."

संगीतानं बोटांवर भोकं मोजली.

"अरे देवा," संगीता म्हणाली. "आपण आत आहोत."

ड्रॅगननं डोळे उघडले. आग ओकणारं जनावर, धुराचं त्याला काय! हिराबाई: जीव चार. मंगळ्या: आठ. कांडी: तीन.

"उघडा, एक तरी भोक उघडा!" संगीता म्हणाली.

चौथ्या भोकाशी पेंढाच पेटलेला. पहिल्यावर नवसूनं सोंगटी काढली: पाच. दगड हलला नाही. धूर. कांडी: दोन. पुन्हा काढली. अकरा. हातभर फट पडली. संगीतानं हिराबाईला मंत्रानं काडीएवढी बारीक केलं आणि फटीतून बाहेर काढलं. "सासू सुटली बघ!" ती ओरडली, आणि लगेच ओशाळली.

धूर. मंगळ्या: सहा. कांडी: एक.

"कांडीला फटीतून सरकायला पंधरा लागतील," दिनेश म्हणाला.

 डब्यात हात घालून नवसू किती वेळ सोंगट्या चाचपत राहिला.

"बघून काढू नकोस."

"नाय बघत."

सहा.

"आता पुढच्या धुराला..." दिनेशनं वाक्य अर्धंच सोडलं. त्यालाही हौशी ठाऊक होती. "नवसू, मी धूर कमी करू का जरा?"

"नको. तशी जिती ठेवली तर ती खोटी." नवसूनं दोन्ही पानं मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. "मंगळ्यानं तिला उचलून भायेर टाकली तर? टाकायला सोंगटी लागते?"

दिनेशनं झेरॉक्स चाळली. मागची कोरी पानंच, एक, मग दुसरं. "लिहिलेलं नाही."

"मग टाकली."

"मंगळ्याची पाठ ड्रॅगनकडे होईल रे. सहाच जीव आहेत. वाचायला वीस लागेल."

"होऊ दे."

कांडी: जीव एक. बाहेर.

नवसूनं मंगळ्यासाठी हात घातला. सतरा निघाली. वीसला तीन कमी. मंगळ्या मेला. दिनेश मंगळ्याचं पान फाडायला तयार होईना, तेव्हा नवसूनंच चार तुकडे केले आणि ओट्याच्या कोपऱ्यात नीट ठेवले. मग कांडीचं पान संगीतापुढे सरकवलं.

"आता मला हात लावता यायचा नाय. तू खेळ तिला. जपून."

"अरे, घरचाच खेळ आहे," संगीता म्हणाली. "बस ना."

तो उठून ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला, पाठमोरा. दिनेश नव्या गुहेचं सांगू लागला. संगीतानं सोंगटी काढली की नवसू मान न वळवता विचारायचा, "किती?"

हौशी भट्टीवर गेली त्या सकाळी नवसू ट्रकच्या मागं कालव्यापर्यंत धावला होता.