तपासलेली जमीन

अकरा वर्षं सरकारदारी खेटे घातले, तेव्हा कुठे माजी सैनिकांच्या वाट्याची ही जागा पदरात पडत होती. आणि आमचे हे कुंपणापाशीच खिळलेले!

“अहो, या की आत! की निमंत्रण धाडू?” मी ओरडले. मी केव्हाच आत शिरून मनातल्या मनात स्वयंपाकघर मांडलं होतं. मागून मोजणीदार फीत घेऊन आला. आज हद्दीवरून चालून सही केली नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. आणि घरमालकाला आमची खोली महिनाअखेर रिकामी हवी होती.

“हलू नका! दोघंही!”

असा आवाज यांनी उभ्या संसारात काढला नव्हता. मी होते तिथेच थांबले.

“काका, इथले लढाईतले सुरुंग कधीच काढलेत,” मोजणीदार हसला. “हा काय दाखला! पलटणीतल्या माणसाची सही आहे.”

“ती सही माझीच. ती टेकडी बघितली आणि ओळखलं,” हे म्हणाले. “टेकडीपासून सुरू करून, पोटावर सरपटत, सळईनं माती टोचत सहा पट्टे तपासले. सातव्याला हात लावणार, तेवढ्यात न्यायला गाड्या आल्या. घरी जायची घाई. न तपासताच सही ठोकली.”

“सातवा कुठला?” मी विचारलं.

“खुणेचे दगडच काढलेत गं. आलीस त्याच पावलांवरून मागे ये.”

गवतात पावलं कसली दिसताहेत! जीव मुठीत धरून आले. मोजणीदार इतका चिकटून येत होता, की दोनदा माझ्या टाचेवर चढला. “मेल्या, अंतर ठेव,” मी म्हटलं, तेही कुजबुजत.

बाहेर आल्यावर त्यानं घाम पुसला. “काका, बोभाटा नको. सगळंच वाटप थांबेल. तुम्हाला टेकडीकडची जागा देतो, पहिल्या पट्ट्यातली.”

खोटं कशाला बोलू, माझं मन पाघळलं. यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली.

तेवढ्यात ठक्कन आवाज झाला. पलीकडच्या जागेत एक बाई घराच्या पायासाठी खणत होती.

“अहो बाई, कुदळ खाली ठेवा!” मीच किंचाळले. “खाली सुरुंग आहेत!”

“आमची जागा लाटायला निघालात होय?” असं म्हणून तिनं पुन्हा कुदळ उचलली.

हे धावत सुटले. गवतातून, सरळ. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा यांनी कुदळ वरच्या वर धरली होती.

“आता कुणी हलू नका,” हे म्हणाले. परत कुठून यायचं, ते यांनाही ठाऊक नव्हतं.