सत्तेचाळीस नंबरचा संदर्भ

“डॉक्टर, हा सत्तेचाळीस नंबरचा पेपर तुम्ही वाचलाय का?”

ग्रंथालयातल्या ताईंनी हे विचारलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. चार वाजता पुस्तकाची फाइल छापखान्यात जायची होती. मी त्यांच्या टेबलाशी उभी राहून घाई करत होते.

“वाचलाय ना,” मी म्हणाले.

“पूर्ण?”

“ताई, दोनशे चौदा संदर्भ आहेत. सगळे पूर्ण वाचत बसले तर पुस्तक पुढच्या जन्मी निघेल.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. तो पेपर मी वाचलेला नव्हता. त्याचा सारांशही नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी लेखात त्याचा उल्लेख होता, तो मी जसाच्या तसा उचलला होता.

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताईंना सगळे पाठीमागे ‘कंसमावशी’ म्हणत. कंसमामा सगळ्यांना ठाऊक असतो, कंसमावशी बहुधा आमच्याकडेच होती. प्रबंध असो की शोधनिबंध, वाक्यापुढे कंसात संदर्भाचा नंबर आणि शेवटी त्याची यादी घालायची म्हणजे त्यांच्याकडे जायचं. त्या मूळच्या ग्रंथालयातल्या परिचर. पुस्तकं उचलायची, पुसायची, जागेवर लावायची, हे त्यांचं काम. त्यांच्या वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्राध्यापकांसाठी संदर्भांच्या सॉफ्टवेअरचं अर्ध्या दिवसाचं शिबिर ठेवलं होतं, तेव्हा खुर्च्या मांडायला म्हणून त्या तिथे होत्या. खुर्च्या मांडून झाल्यावर मागच्या रांगेत बसल्या आणि जे दिसलं ते वहीत उतरवून घेतलं. कुठलं बटण दाबलं की काय होतं, बाणांसकट. प्राध्यापक आठवड्याभरात सगळं विसरले. ताई विसरल्या नाहीत.

मग हळूहळू लोक यायला लागले. कुणी यादी हाताने दुरुस्त करून फाइलचा बट्ट्याबोळ केलेला, कुणाचा एकच पेपर पाच वेळा चढलेला. ताई कुणाला हसत नसत. “बसा, बघू,” म्हणायच्या आणि दहा मिनिटांत गुंता सोडवायच्या.

आमचं पुस्तक म्हणजे लहान दवाखान्यांतल्या नर्सेससाठी बालरोगांची पुस्तिका. आमचे विभागप्रमुख सर संपादक होते आणि औषधांच्या मात्रांचं प्रकरण माझ्याकडे होतं. मी नुकतीच अधिव्याख्याता झाले होते. माझं नाव पहिल्यांदाच एका पुस्तकावर येणार होतं.

“काय झालंय सत्तेचाळीसला?” मी विचारलं.

“दोनदा चढलाय. एका नोंदीत साल अडुसष्ट, दुसरीत शहाऐंशी. कुणीतरी आकडे उलटे टाकलेत. कुठलं खरं ते बघायला मी तळघरात जाऊन जुना अंक काढला.”

“मग टाका ना जे खरं असेल ते.”

“साल टाकलं हो. पण अंक हातात होताच, म्हणून तो परिच्छेदही वाचला. तुम्ही लिहिलंय, ही मात्रा दर वेळी द्यायची, दिवसातून तीनदा. तिथे लिहिलंय, ही दिवसभराची एकूण मात्रा आहे, ती तीन वेळांत वाटून द्यायची.”

 मला भीतीपेक्षा रागच जास्त आला. बारावीपर्यंत शिकलेली बाई मला औषधाची मात्रा शिकवत होती.

“ताई, पुढचे तीन पेपरसुद्धा तेच म्हणतात जे मी लिहिलंय. तुमचं काम कंस घालायचं आहे. औषधाचं आम्ही बघतो.”

“ते तिन्ही उघडले मी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तिघांनीही सत्तेचाळीसचाच हवाला दिलाय. पहिल्याने चुकीचं उतरवलं, बाकीच्यांनी पहिल्याचं बघून.”

मी पडद्यावरची यादी पुन्हा बघितली. त्या आणखी खालच्या आवाजात म्हणाल्या, “माझी मुलगी नर्स आहे. तिच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. बाकीचे दिवस ती पुस्तक उघडते. पुढे कंस दिसला की तिला वाटतं, कुणीतरी मोठ्या माणसाने नीट बघून लिहिलंय. कंस घातला की खरंच वाटतं हो, डॉक्टर. म्हणून मला बोलावं लागलं.”

मी त्यांच्यामागून तळघरात गेले. ट्यूबलाइटखाली लाकडी टेबलावर जुन्या अंकांचा जाड बांधीव खंड उघडाच होता, पानात कागदाची पट्टी घातलेली. मी वाचलं. पुन्हा वाचलं. काही महिन्यांच्या बाळाला तिप्पट औषध गेलं असतं, आणि ते माझ्या हातच्या ओळीवरून.

मी स्टूल ओढून बसले. ताईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

“सरांना कसं सांगायचं आता? तुम्हीच सांगा ना, तुम्ही शोधलंय.”

“नको. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तुम्ही सांगितलं तर दुरुस्ती होईल. जा, अजून तीन तास आहेत.”

मी तो खंड घेऊन गेले. सरांनी खंडातलं पान वाचलं, खुर्चीत मागे टेकले आणि छापखान्याला फोन करून फाइल थांबवली. पुढचे चार दिवस आम्ही सगळे मिळून प्रत्येक मात्रा मूळ पेपरशी ताडून पाहत होतो. आणखी एक चूक सापडली, लहानशी. मग विभागाच्या बैठकीत सर सगळ्यांसमोर म्हणाले, “हिच्याकडून शिका. ही मुलगी तळघरापर्यंत गेली.”

टाळ्या वाजल्या. मी उठून सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण शेजारची सहकारी पाठीवर थाप मारत होती, सर पुढच्या मुद्द्यावर गेले होते, आणि मी तोंड मिटून घेतलं. प्रस्तावनेत माझे ‘विशेष आभार’ छापून आले. ग्रंथालयाचा उल्लेखही नव्हता.

त्यानंतर नऊ वर्षं मी त्यांच्या टेबलाशी जात राहिले. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. मात्र एक झालं. न उघडलेल्या पेपरचा नंबर मी पुन्हा कुठे घातला नाही.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी वाचनकक्षात छोटासा समारंभ होता. लोकांनी कंसमावशीचे किस्से सांगितले, त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. मी बोलायला उठले आणि सगळं सांगून टाकलं. साडेबाराची वेळ, माझं उर्मट बोलणं, तळघर, टाळ्या, प्रस्तावना. विभागप्रमुख समोरच बसले होते. 

ताई अवघडून म्हणाल्या, “अहो, एवढं काय त्यात. ग्रंथालयाच्या प्रतीला लेबल मीच लावलं होतं. प्रस्तावना तेव्हाच वाचली.”

“मग इतकी वर्षं काही बोलला का नाहीत?”

“दुसऱ्या आवृत्तीची फाइल आली ना माझ्याकडे. तुमच्या प्रकरणातला एकेक संदर्भ उघडून बघितला मी. प्रत्येकात तुमची टीप होती, कुठल्या पानावर काय लिहिलंय त्याची. सगळेच्या सगळे वाचलेले. मग बोलायचं काय राहिलं?”

विभागप्रमुख उठले. ते कुणाला उठून नमस्कार करणारे नव्हते. त्यांनी ताईंपुढे हात जोडले.

समारंभ आटोपल्यावर लोक पांगले. ताई पुन्हा आपल्या टेबलाशी गेल्या. महाविद्यालयाचा सामायिक संदर्भसंग्रह त्यांच्या नावावर होता, तो दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करायचा राहिला होता. अकरा हजारांवर नोंदी. त्यांनी माझं नाव टाइप केलं, त्यातली अक्षरं पडद्यावर बोट ठेवून तपासली आणि मग सभासदांच्या यादीतलं स्वतःचं नाव काढलं. खालची सगळी नावं एकेक ओळ वर सरकली. मध्ये जागा राहिली नाही.

“झालं,” त्या म्हणाल्या. चष्मा पुसून डबीत ठेवला आणि खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली.