जेरी

लढाईवरून परतून दहा वर्षं झाली, तरी ज्योतीराम हवालदाराला एका जागी बसवत नसे. पिंपरीत हमरस्त्याच्या कडेला नवा कारखाना उभा राहत होता, तिथं तो फाटकावर जमादार होता. जेवणाच्या सुट्टीत मजूर त्याला इटलीतल्या गोष्टी सांगायला लावत. पलटणीत जर्मनाला सगळे 'जेरी' म्हणायचे.

"जेरी आला म्हणलं की माणूस आला असं वाटायचंच न्हाई," तो सांगायचा. "लांडगा आला, तसं. मग गोळी घालाया सोपं जायचं."

छप्पन सालच्या उन्हाळ्यात यंत्रं बसवायला खरोखरचा जर्मन साहेब आला. उंच, लाल मानेचा, अबोल. मजुरांनी पहिल्याच दिवशी पाठीमागं त्याचा जेरी करून टाकला. ज्योतीराम त्या हसण्यात कधी सामील झाला नाही. त्याचा जिवाभावाचा दोस्त, पिंपळे गुरवचा रंगराव, इटलीतल्या सेनिओ नदीच्या बांधावर जेरीच्याच मशिनगननं गेला होता.

एका सकाळी लोखंडी टाकी कप्पीवरून खाली घेताना साखळी कडाडली. साहेब नेमका खाली.

"जेरी! ए जेरी, हट!" भिमाजी मिस्त्री ओरडला.

साहेब हटला नाही. हातातला पाना टाकून तो ताठ उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

शरण येणाऱ्यांचे असे हात ज्योतीरामानं लढाईत पुष्कळ पाहिले होते. तो धावला, साहेबाच्या कमरेला मिठी घालून त्याच्यासकट मातीत पडला. मागं टाकी आदळली.

मजूर आधी थिजले, मग हात वर करून नक्कल करू लागले. "दात काय काढताय रं!" ज्योतीराम खेकसला आणि माती धुवायला हौदाकडं निघालेल्या साहेबामागं गेला. इटलीत उचललेली मोडकी भाषा त्यानं आठवली. "प्रिजोनेरो?" कैदी होता का?

साहेब चमकला. "सी," हो, म्हणाला. "सेनिओ."

घरी ज्योतीराम ताटावरून उठला. "रंग्याला मारणाऱ्यांतला हाय तो," तो बायकोला म्हणाला, "आन मीच वाचवला."

"त्यानंच मारलं कशावरनं?" सोजराबाईनं विचारलं.

"न्हाई तरी कशावरनं?"

"मग इचारा की त्याला. आमाला कशाला जाळताय?"

दुसऱ्या दिवशी तो साहेबासमोर जाऊन बसला. रंगरावाचं नाव ओठांवर आलं आणि अडकलं. त्याच मोडक्या भाषेत त्यानं भलतंच विचारलं, "तुमी आमाला काय म्हणायचा?"

साहेबानं चहाचा पेला खाली ठेवला. मग एक लहानसा जर्मन शब्द बोलला आणि कानापर्यंत लाल झाला. ज्योतीरामानं अर्थ विचारला नाही.

"तुमचं नाव काय?"

"हान्स."

याच नावानं हाक मारायची, असं त्यानं मजुरांना बजावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत भिमाजीनं त्याचा हंसराव केला. साहेब त्या हाकेला हसून ओ देऊ लागला. ज्योतीरामाच्या जिभेवर मात्र ते नाव चढेना. झोपेत तो अजून जुन्याच नावानं ओरडायचा.

यंत्रं सुरू झाली आणि साहेब निघाला. फाटकात मोटार थांबवून त्यानं हात पुढं केला. ज्योतीरामानं तो धरला, पण त्याला ना 'हान्स' म्हणता आलं, ना रंगरावाचं विचारता आलं. मोटार पुण्याच्या वळणाआड गेली तरी तो रस्त्यातच उभा होता. मागं मालाची लॉरी भोंगा वाजवत खोळंबली होती.