ॲसिडच्या बाटलीवरच्या तीन रेघा

मित्रांनो, मी एक जुनी, तपकिरी काचेची, अंगठ्याएवढी बाटली आहे. आता माझं पोट रिकामं आहे आणि झाकणाचं रबर कडक झालं आहे. पण एके काळी माझ्या पोटात ॲसिड होतं. दचकलात ना? सगळेच दचकतात. माझ्या आयुष्यात मला प्रेमापेक्षा संशयच जास्त मिळाला.

माझ्यातल्या ॲसिडचं नाव मँडेलिक. ते पहिल्यांदा कडू बदामापासून काढलं गेलं, म्हणून त्याला बदामाचं जर्मन नाव मिळालं. त्याचं काम अगदी हळू चालतं. चेहऱ्यावरचा मेलेल्या कातडीचा बारीक थर ते सैल करतं, बुजलेली छिद्रं मोकळी करतं आणि पुटकुळ्या हळूहळू कमी होतात. कारखान्यात मला भरलं, माझ्यावर नाव, तारीख आणि ॲसिडचं प्रमाण छापलेला कागद चिकटवला आणि मी पालघरच्या एका औषधाच्या दुकानात येऊन बसले.

तिथून मला भाविकाने घेतलं. ती शिरगावची, बोईसरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिच्या गालांवर आणि हनुवटीवर इतक्या पुटकुळ्या होत्या की रिक्षात बसली तरी तोंडावरची ओढणी काढत नसे. ती एकटीच पालघरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. बाईंनी सांगितलं, "आठवड्यातून तीनदा, रात्री जेवणानंतर, तोंडाला चार थेंब. सकाळी सनस्क्रीन लावायचंच. आणि तीन महिने धीर धरायचा."

भाविकाने सगळं नीट ऐकलं. पण घरी आल्यावर मला कपाटात ओढण्यांच्या घडीखाली दडवलं. एवढं लपवण्यासारखं माझ्यात काय आहे, ते मला तेव्हा कळलं नाही. पंधरा दिवसांनी कळलं.

तिचे वडील कृष्णकांत बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांच्यासमोर त्यांचा सोबती प्रदीप याच्या हातावर ॲसिड उडालं होतं. त्याला पाण्याच्या फवाऱ्याखाली धरून उभे राहिले होते तेही कृष्णकांतच. तेव्हापासून घरात संडास धुवायची बाटलीसुद्धा ते स्वतः कुलपात ठेवत. अशा माणसाच्या हाती एका रविवारी इस्त्रीचे कपडे ठेवताना मी लागले.

त्यांनी मला फडक्यात धरलं. चष्मा लावून माझा कागद वाचला आणि त्यांचा आवाज वाडीच्या टोकापर्यंत गेला.

"भाविका! ह्ये काय हाय? ॲसिड? तोंडाला ॲसिड लावते तू?"

"बाबा, ते तसलं नाय. डॉक्टरांनी दिलंय."

"कुठल्या डॉक्टरनी? आमाला का नाय सांगितलं?"

भाविकाची आई सुलूताई वाडीतून केळीची पानं घेऊन येत होत्या. त्यांनी ती ओट्यावर टाकली आणि लेकीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, जणू आत्ताच भोकं पडलेली दिसणार होती.

भाविका रडली. कृष्णकांत मला घेऊन अंगणात गेले. मला वाटलं, संपलं आपलं. पण संशयी माणूस दोन प्रकारचा असतो, मित्रांनो. एक नुसता ओरडतो, दुसरा तपासून बघतो. कृष्णकांत ओरडून झाल्यावर तपासणारे होते. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना त्यांनी आंबटपणा मोजायच्या कागदाच्या चार पट्ट्या आणल्या. एका पट्टीवर त्यांनी माझा थेंब टाकला, दुसरीवर लिंबाचा. दोन्हींचे रंग त्यांनी दाराशी उजेडात धरून बघितले.

"लिंबू जास्त जहाल हाय," ते पुटपुटले. तरी विश्वास बसला नाही. मग त्यांनी मला आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सुलूताई रोज विचारायच्या, "जळतंय का काय?" आणि ते रोज म्हणायचे, "अजून नाय."

पाचव्या दिवशी त्यांनी मला भाविकाच्या हातात दिलं. "लाव. पण डॉक्टरनी सांगितलंय तेवढंच. मी बघनार हाय."

आणि खरंच बघू लागले. दर रविवारी ते मला उजेडाकडे धरत, पाणी जिथवर असेल तिथे काळ्या मार्करने रेघ मारत आणि शेजारी तारीख लिहीत. कारखान्यात टाकीची पातळी बघायची सवय होती ना! दोन रेघांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पडे. तीन रविवार झाले. चौथ्या रविवारी त्यांनी मार्कर खिशातून काढलाच नाही. भाविकाच्या हनुवटीवरच्या दोन मोठ्या गाठी बसल्या होत्या. मला वाटलं, संशयाचे दिवस सरले.

पण माझं काम हळू, आणि कॉलेजचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. सूत्रसंचालनासाठी भाविकाची निवड झाली होती. स्टेजवर, दिव्यांच्या झोतात, दोन तास! ती रोज आरशात बघे आणि माझ्याकडे बघून उसासा टाके. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती एक छोटी पांढरी डबी घेऊन आली. बोईसरला पार्लर चालवणाऱ्या चारुताताईंनी दिली होती. आठ दिवसांत चेहरा काचेसारखा होईल, असं त्यांनी सांगितलं होतं.

डबी माझ्या शेजारी बसली. तिला गुलाबाचा वास येत होता. मी तिचं नाव वाचायला गेले, तर नाव नव्हतं. तारीख नव्हती, काय घातलंय तेही नव्हतं. मित्रांनो, माझ्यावर एवढा संशय घेतला गेला होता, तरी मला कधी कुणाचा संशय आला नव्हता. त्या डबीचा आला. पण बाटलीचं कोण ऐकतं?

आठ दिवसांत भाविकाचा चेहरा खरोखरच उजळला. पुटकुळ्या कुठल्या कुठे गेल्या. सुलूताई म्हणाल्या, "बाटलीनी काम केलं हो!" भाविका नुसती हसली. कौतुक माझं आणि रोज लावली जायची डबी. मला तिने ओढण्यांखाली ढकललं होतं. संमेलन झालं. तिचे फोटो गावभर फिरले. कृष्णकांतांनी एक फोटो प्रदीपलाही दाखवला.

मग डबी संपली. चारुताताईंकडे नवीन माल यायचा होता. चार दिवस भाविकाने काहीच लावलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी आली आणि सुलूताईंच्या हातातून तवा सुटला. भाविकाचा चेहरा लालभडक झाला होता. गालांवर पुटकुळ्यांचं पीक आलं होतं, आणि चुलीची धग लागताच ती कळवळून मागे सरली.

"ॲसिड भोवलं गं बाय माजी!" सुलूताईंनी हंबरडा फोडला. "मी रोज विचारत होते, जळतंय का!"

कृष्णकांतांनी आधी लेकीच्या तोंडावर गार पाण्याचं फडकं धरलं. मग कपाटातून मला काढलं आणि परसात आले. तिथे नारळाच्या आळ्याशेजारी कचऱ्यासाठी खड्डा खणलेला होता. त्या क्षणी, खरं सांगते, मलाही माझाच संशय आला. माझ्या पोटात काय आहे हे मला तरी कुठे पुरतं ठाऊक होतं? मीच तर नाही ना तिला जाळलं?

टाकण्याआधी त्यांनी सवयीने मला उजेडाकडे धरलं.

तिसरी रेघ नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारची होती. आता जानेवारीचा मध्य उलटला होता. पाणी तिसऱ्या रेघेच्या जेमतेम एक दाणा खाली होतं. कृष्णकांतांनी बोटांवर आठवडे मोजले. पुन्हा रेघ बघितली. मग माझं झाकण तपासलं. त्यावर धूळ बसली होती.

ते घरात आले आणि लेकीपुढे जमिनीवर बसले.

"पोरी, बाटली महिन्याभरात उघडलीच नाय तू. जे लावलंच नाय, ते जाळंल कसं? दुसरं काय लावलंस?"

"काय नाय," भाविका म्हणाली.

"भाविका."

कृष्णकांतांचा आवाज खाली आला. "त्या दिवशी मी वरडलो ना बाटलीवरून, म्हनून सांगत नाय तू. चूक माझीबी हाय. आता नाय वरडनार. दाखव."

भाविकाने कपाटातून रिकामी डबी आणली, ती पार्लरच्या चारुताताईंनी दिल्याचं सांगितलं आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती चारी बाजूंनी फिरवली. "हिला नावच नाय," एवढंच ते म्हणाले. दिलेला शब्द पाळला, ओरडले नाहीत. पण कपाळावरची शीर उठून दिसत होती.

त्याच दिवशी ते तिला पालघरला घेऊन गेले. डबी आणि मी, दोघी पिशवीत होतो. डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर बाजूला ठेवलं आणि डबीचा तळ खरवडून बघितला. "यात स्टिरॉइड असावं. चेहऱ्यावर सगळी लक्षणं तीच आहेत. आधी पटकन गुण येतो, आतून कातडी पातळ होते आणि सोडलं की असा भडका उडतो. वेळ लागेल, पण बरं होईल."

"आणि ह्ये ॲसिड?" कृष्णकांतांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिचा दोष नाही. पण आता हीही नको. दुखावलेल्या कातडीला सौम्य ॲसिडसुद्धा झोंबतं. बरी झाली की बघू."

निर्दोष सुटले, तरी घरीच बसले! पण मला वाईट वाटलं नाही.

परतताना कृष्णकांत म्हणाले, "बोईसरला जातो. त्या पार्लरवालीला जाब विचारतो."

"मी विचारते," भाविका म्हणाली. "तुमी बाहेर थांबा."

तोंडावरची ओढणी काढून ती पार्लरमध्ये शिरली. खुर्च्या रिकाम्या होत्या. चारुताताई तिला बघून उभ्याच राहिल्या. भाविकाने आम्हा दोघींना आरशासमोर ठेवलं.

"ताई, या बाटलीवर सगळं लिहिलंय. या डबीवर काय लिहिलंय, वाचून दाखवा."

चारुताताईंनी डबी उचलली, खाली ठेवली. "मला ठाऊक नाय गं. एक माणूस माल देऊन जातो. वाईट असतं तर मी स्वतः लावलं असतं का?"

भाविकाने त्यांचा चेहरा जवळून निरखला. मग तिने पुढे होऊन रुमालाने त्यांच्या गालावरचा पावडरचा जाड थर हलकेच पुसला. खाली तसाच लालभडक गाल होता. बारीक शिरा दिसत होत्या.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," चारुताताई म्हणाल्या. "सोडलं की आग होते. म्हणून सोडत नाय. पार्लरवालीचंच तोंड असं दिसलं, तर येईल कोण?"

भाविका भांडायला आली होती, पण भांडली नाही. तिने काउंटरवरचा कागद ओढला आणि त्यावर डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहिला. "मंगळवारी मला परत बोलावलंय. आपण दोघी जाऊ." चारुताताईंनी कागद घेतला आणि फळीवरच्या उरलेल्या पाच डब्या तिच्या पिशवीत टाकल्या. "ह्या डब्या बाईंना दाखव. मला आता यांची भीती वाटते."

मित्रांनो, भाविकाचा चेहरा निवळायला उन्हाळा उजाडला. तोपर्यंत माझी तारीख उलटून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी नवीन बाटली लिहून दिली, आठवड्यातून एकदाच लावायला. ती भाविकाने लपवली नाही. ती तेलाच्या बाटलीशेजारी फळीवर उभी आहे. मला रिकामी करून, धुऊन, तिच्या मागे ठेवलं आहे.

आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. चेहऱ्याला काहीही लावण्याआधी त्याचं नाव विचारा आणि ठाऊक असलेल्या माणसाला दाखवा. जे आठ दिवसांत चमत्कार दाखवतं, त्याच्यावर खुशाल संशय घ्या. आणि तुमच्यातलं कुणी आरशापुढे रडत असेल, काही लपवत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्यापुढे जमिनीवर बसा आणि हळू आवाजात विचारा. मग ते माणूस स्वतःच उठून कपाट उघडतं.