तळ्याच्या गाळातली तुळस

शेषाद्रीमामांनी जन्मात एकच हट्ट धरला होता: कीर्तन संपलं, की ऐकणाऱ्याच्या हातावर मठातल्या वाफ्यातली तुळस पडलीच पाहिजे. कुंभकोणमच्या त्या गल्लीतला भजनमठ तेच सांभाळत. मठामागं तळं. पूर्वी काठाला केळी होत्या. आता पितळी भांड्यांना झिलई देणारी शेड, बॅटऱ्यांचं दुकान, घराला चिकटून घर, आणि सगळ्यांची गटारं तळ्यात. उन्हाळ्यात गाळ काढला, तेव्हा देवाच्या तळ्याची माती म्हणून मामांनी घमेली भरभरून ती वाफ्यात ओतली. तुळस अशी माजली, की कीर्तनकार मुकुंदरावबुवा पूर्वरंग विसरून तिच्याकडंच बघत.

पुतणी हरिणी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिनं माती तपासली, पानंही तपासली.

"काका, शिसं आहे. पानांतसुद्धा उतरलंय. गल्लीतली ती पोटुशी पोरगी, वाणी, तर रोज खाते."

"धुऊन दिली तर?"

"धुऊन जात नाही."

"मग तळंच साफ करू."

"आणि शेड, दुकानं, घरं कुठं नेणार? पावसाबरोबर पुन्हा येईलच की."

एकादशीला मामांनी स्वतःच्या हातानं तुळस उपटली. जाळायचा धीर होईना; हात जोडून भिंतीशी ठेवली. कीर्तनानंतर खडीसाखर वाटताना त्यांनी शिशाचं सगळं सांगितलं. लोकांनी भक्तिभावानं माना डोलावल्या.

सकाळी भिंतीशी काहीच नव्हतं.

"तुळस का केरासारखी पडू द्यायची?" बायको अंबुजा म्हणाली. "बायकांना वाटून टाकली मी. पुण्य लागेल."

मामा तसेच वाणीच्या दारी गेले. दारातल्या कोलमच्या रांगोळीशेजारी नवी कुंडी, मुळांना तोच काळा गाळ.

"पोरी, ती परत दे."

"दारी आलेली लक्ष्मी परत देतात होय, मामा?"

"विष आहे गं त्यात. बाळाला बाधेल."

"हरिणीअक्काचं यंत्र काहीही म्हणेल. तुम्हीही तीच खाता ना? काय झालं तुम्हाला?" वाणी हसली. "आणि श्रद्धेपुढं विष टिकत नाही, हे मठात कोण सांगतं?"

मामाच सांगत. गल्लीभर दारादारांत कुंड्या दिसत होत्या.

वाणीनं एक पान खुडलं, डोळ्यांना लावलं, आणि त्यांच्यादेखत तोंडात टाकलं.