बोकडाचं वय

१९८४ साली कर्जतच्या एका संशोधन केंद्रात डॉक्टरसाहेबांनी शिपाई बुधाजीला म्हातारा ठरवलं, तेही शास्त्राच्या आधारानं.

"कसं आहे बुधाजी, प्रत्येक जिवाच्या अंगात कोएन्झाइम क्यू नावाचं द्रव्य तयार होतं. अन्नाची ताकद करायला ते लागतं, हृदयाला सगळ्यांत जास्त. वय झालं की शरीर ते कमी बनवतं. तुमच्यात आता थेंबभर तरी उरलंय का बघायला हवं!"

सगळे हसले. बावीस वर्षं बुधाजीकडे असलेली प्रयोगशाळेची किल्ली साहेबांच्या मेहुण्याकडे गेली. बुधाजीला उरलं ते खालापूरच्या खाटकाकडून बोकडांची हृदयं आणायचं काम. कोवळ्या नि म्हाताऱ्या हृदयांत हे द्रव्य किती, हे साहेबांना मोजायचं होतं.

हे काम मेहुण्याला जमण्यासारखं नव्हतं. बोकडाला जन्मदाखला नसतो. जबडा उघडून दात बघायचे: दोन दात आलेले असले की कोवळा, दात झिजून फटी पडल्या की म्हातारा. कापून काढलेल्या हृदयाला मात्र दात नसतात. त्याचं वय बाटलीवरच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी बुधाजीच्या हातात.

"अवो, पोटावर पाय येल," त्याचा बेत ऐकून बायको गौराबाई म्हणाली.

"येऊ दे गं. आदी सायबाचं नाक कापतो, मग पोटाचं बघू."

तीन महिने तो बर्फाचा डबा मांडीवर घेऊन खालापूरहून एसटीनं येत राहिला. चाळीस हृदयं, चाळीस चिठ्ठ्या, सगळ्या उलट्या. आता यंत्र सांगणार की म्हाताऱ्यांत द्रव्य ओसंडतंय, आणि साहेबांचं हसं होणार.

निकाल ऐकायला मुंबई-पुण्याचे विद्वान जमले. बुधाजी चहाचा ट्रे घेऊन मागे उभा. पडद्यावर आलेख आला. कोवळ्यांचा खांब उंच, म्हाताऱ्यांचा ठेंगणा. अगदी शास्त्रात असायला हवा तसा. टाळ्या पडल्या.

बुधाजीच्या डोक्यात क्षणभरानं उजेड पडला. यंत्रानं उलटं दाखवलं असणार, नि साहेबांनी खांबांची नावंच फिरवली असणार. दोन लबाड्या मिळून एक सत्य जन्माला आलं होतं, आणि त्याचं बारसं साहेबांच्या नावानं चाललं होतं. गप्प बसलं तर नोकरी शाबूत.

त्यानं ट्रे खाली ठेवला.

"सायेब, येक इचारू? सगळ्या चिठ्ठ्या मी उलट्या लावल्या व्हत्या. म्हाताऱ्याच्या बाटलीवर कोवळा, कोवळ्याच्या बाटलीवर म्हातारा. मंग तुमचा आलेख सुलटा आला कसा?"

"खोटारडा आहे हा!" साहेब ओरडले.

"असेलही," पुण्याचे वयस्कर पाहुणे चष्मा पुसत म्हणाले. "यंत्रातून निघालेल्या मूळ कागदी पट्ट्या दाखवा ना. लगेच कळेल."

पट्ट्या काही केल्या सापडेनात. मेहुणा कपाट उघडतो असं सांगून जो गेला, तो थेट स्टेशनवर.

बुधाजीला त्याच दिवशी काढलं. साहेबांना काढायला मात्र समिती लागली आणि समितीला पाच महिने. बुधाजी दर बैठकीला साक्षीला हजर, धुतलेली टोपी घालून, बोलावलं नसलं तरी.

शेवटच्या दिवशी साहेब फाटकाशी भेटले. "बुधाजी, यात तुमचं काय भलं झालं?"

"भलं?" बुधाजीला खरंच नवल वाटलं. "ते कुनाला पायजे व्हतं?"