न चमकलेली रोपं

भार्गवीला एका जागी बसवत नव्हतं. सकाळी प्रयोगशाळेच्या काळोख्या खोलीत तिनं जांभळा दिवा लावला, आणि बशीतल्या शंभरेक रोपांपैकी वीस-पंचवीस निखाऱ्यासारखी लाल चमकली. तीन वर्षं ती या बिघाडाच्या मागे होती. पानानं ऊन पकडलं की इलेक्ट्रॉन विहिरीवरच्या घागरीसारखा हातोहात पुढे जातो. या रोपांत मधला एक हातच नव्हता, म्हणून पकडलेला उजेड लाल होऊन वाया जात होता. तो हात कुठला, हे कळलं की तिचा प्रबंध झाला.

पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. या बाईसाहेबांनी होतं नव्हतं तेवढं बी एका दमात पेरलं होतं. आता चमकणाऱ्यांना जागा मिळावी म्हणून तिनं न चमकलेली साधी हिरवी रोपं चिमट्यानं उपटली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि यशवंतपूर रस्त्यावरच्या दर्शिनीत, उभ्या उभ्या खायच्या हॉटेलात, कॉफी प्यायला गेली.

अर्धी कॉफी झाली आणि तिनं पेला तसाच खाली ठेवला. लाल रोपं बशीतल्या साखरेवर कशीबशी जगतात, बी धरायच्या आधीच मरतात. वंश चालवायचा तो त्यांच्या हिरव्या भावंडांनी, तोच बिघाड अंगात लपवून. आणि तीच तिनं फेकली होती.

ती धावत सुटली. प्रयोगशाळेतला कचरा वाफेवर उकडून मगच बाहेर टाकायचा, अशी पद्धत. त्या वाफेच्या यंत्रापाशी कृष्णात होता, तिथला निपाणीकडचा मदतनीस. तिचा कचरा त्यानं आत घातला होता.

"अक्का, स्वल्प थांबा की. वाफ उतरू दे," तो म्हणाला.

ती येरझाऱ्या घालत राहिली. झाकण उघडलं तेव्हा आतून शिजलेल्या पालेभाजीचा वास आला.

ती परतली तर तिचे मार्गदर्शक उमाकांत सर काळोख्या खोलीत दिव्याखाली वाकून लाल रोपं बघत होते.

"सापडलं बघ तुला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद तिनं कधी ऐकला नव्हता. "आता यांच्या भावंडांचं बी वाढवायला घेऊ."

तिला पळून जावंसं वाटलं.

"भावंडं नाहीत, सर. हिरवी सगळी मी उपटून टाकली. पुडीतही बी उरलं नाही."

सर पुन्हा बशीवर वाकले. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"ही किती जगतील?"

"साखरेवर... महिनाभर."

"मग महिन्यात मोजता येईल तेवढं मोजू. तो दिवा बंद कर, उजेड त्यांना सोसत नाही."

तिनं दिवा विझवला. आता एकही रोप दिसत नव्हतं.